वाया गेलेली पाच माणसं आणि माझं इंग्रजी

मला इंग्रजी येत नव्हतं. आज हे सांगायला काही वाटत नाही, पण सातवीत असताना आमच्या अख्ख्या वाडीत इंग्रजी येणारी मी एकटीच होते आणि हा लौकिक मी जिवापाड सांभाळत होते. लौकिकाचं मूळ इतकंच, की सहामाहीला इंग्रजीत वर्गात सगळ्यांत जास्त गुण मला पडले होते. ते गायीवरच्या निबंधाने पडले होते. निबंध पाठ होता आणि नेमकी गायच परीक्षेत आली. एवढ्या भांडवलावर मी तेरा रविवार भरल्या घराला थापा मारल्या, आणि खरं सांगायचं तर आयुष्यात इतकी मजा पुन्हा कधी आली नाही.

टीव्ही आमच्याकडे काकाने मुंबईहून पाठवला. रत्नागिरीत नुकतंच दूरदर्शन दिसायला लागलं होतं. शहरात चार-सहा घरांवर अँटेनाच्या काठ्या उभ्या राहिल्या होत्या, पण आमच्या वाडीत पहिली काठी आमचीच. दोन गोधड्यांत गुंडाळलेला तो टीव्ही रातराणी एस.टी.च्या टपावरून आला आणि वडिलांनी तो बाळंतिणीला उतरवावं तसा उतरवून घेतला. टीव्ही आला, काका आला नाही. त्याला रजा नव्हती. आणि काकू आमच्याकडे होती, ती आमच्याकडेच राहिली.

काकूचं आधी सांगायला हवं. तिचं माहेर खाडीपलीकडचं. तिथे होडी कायम पलीकडच्या काठाला असायची आणि ज्याला जायचं असेल त्याने अलीकडून हाक घालायची. काकू सहा-सात वर्षांची असल्यापासून अख्ख्या गावासाठी ती हाक घालायची. वारा कसाही असो, नावाड्याला ऐकू जायचंच. हा आवाज घेऊन ती लग्न होऊन मुंबईला गेली, गिरणगावातल्या एका खोलीत, जिथे शेजारच्या बिऱ्हाडात आणि आपल्यात नुसती फळ्यांची भिंत. काकूने भाजीत मीठ किती घातलं ते तीन खोल्या पलीकडे कळायला लागलं. शेजारी हसायला लागले. काका एका मोठ्या कंपनीत साहेबाच्या केबिनबाहेर टायपिंगला बसायचा, तिथे सगळे कुजबुजत बोलायचे, त्यामुळे त्याला या हसण्याची फारच लाज वाटली. दीड वर्षाने त्याने तिला गावी आणून सोडलं. ‘जरा हळू बोलायला शिकू दे, मग नेतो,’ असं तो माझ्या वडिलांना म्हणाला. काकू तेव्हा तिथेच उभी होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

त्याला दोन वर्षं झाली होती. काकू आता इतकं हळू बोलायची, की तिने जेवायला हाक मारली तरी आम्हांला ऐकू यायची नाही आणि मग आई ओरडायची.

तर टीव्ही आला आणि पहिल्याच रविवारी सकाळी साडेदहाला आमच्या ओटीवर मुंगी शिरायला जागा उरली नाही. पुढे पोरं, मागे बाया, खळ्यात म्हणजे अंगणात पुरुष. पडद्यावर एक परदेशी मालिका सुरू झाली. गोरी माणसं भराभर बोलायला लागली आणि पाच मिनिटांत ओटीवर चुळबुळ सुरू झाली. शेजारचे आजोबा उठून धोतर झटकायला लागले. ‘ह्ये काय बोलत्यात ता कोनाला कळतंय? त्यापरास मी काजूच्या बिया येचायला गेलो असतो,’ असं ते म्हणाले आणि माझ्या वडिलांचा चेहरा पडला. दोन गोधड्यांत आलेला टीव्ही असा फुकट जाणार हे त्यांना सोसवेना. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली.

‘आमची पोरगी शिकते की इंग्रजी! सांग गो, काय म्हणतात ते.’

मला त्या सगळ्या गडबडीतले ‘कम’, ‘गो’ आणि ‘डेंजर’ एवढे तीन शब्द कळले होते. पण पन्नास माणसं माझ्याकडे वळून बघत होती, आजोबा अर्धवट उठलेले तसेच थांबले होते, आणि मी तोंड उघडलं.

‘हा म्हातारा म्हणतोय,’ मी म्हणाले, ‘की मला घरातून हाकलून दिलं.’

आजोबा खाली बसले.

त्या दिवसापासून मी सुटलेच. पडद्यावर पाच माणसं होती आणि पाचांच्याही अंगात काही ना काही अचाट होतं, पण ते धड नव्हतं. म्हातारा वाऱ्याच्या वेगाने पळायचा, पण पोचल्यावर डोकं खाजवत उभा राहायचा. म्हणून मी सांगितलं, की आपण कशाला आलो ते हा विसरतो. एक चष्मेवाला भिंतीतून आरपार जायचा आणि त्याचा चष्मा अलीकडेच पडून राहायचा, त्यामुळे पलीकडे गेला की तो चाचपडत भलत्याच माणसाला मिठी मारायचा. एक काडीसारखी पोरगी मोटार उचलायची आणि उचलून झाली की तिथेच झोपायची. एक जण नुसता आभाळाकडे बघत राहायचा. तो काय करतो ते मला कळेना, म्हणून मी ठोकून दिलं, की त्याला उद्या पाऊस पडणार की नाही ते आज कळतं. हा माणूस आमच्या वाडीला सगळ्यांत आवडला. भातशेतीवाल्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. ‘बाकीचे चार ठेवा तुमच्याकडं, ह्येला जूनच्या आधी आमच्याकडं धाडा,’ असं आजोबा टीव्हीला म्हणाले.

पाचांनाही त्यांच्या त्यांच्या घरच्यांनी कामाचे नाहीत म्हणून बाहेर काढलं होतं. हे अर्थात मी ठरवलं. वाडीने त्यांचं नाव ठेवलं ‘वाया गेलेली पाच’, आणि रविवारी सकाळी एकमेकांना हाका मारताना लोक ‘चला, वाया गेलेली लागतील आता’ असं खुशाल म्हणायला लागले. माझी किंमत एकदम वाढली. विहिरीवर बाया मला पुढे घालायच्या. कोणी फणसाचे गरे आणून द्यायचं. ‘पुढं काय हुनार गो?’ असं विचारायचे आणि मी भाव खात ‘रविवारी बघा’ म्हणायचे. आठवडाभर शाळेत बसून मी पुढच्या भागातले संवाद वहीच्या मागे लिहून ठेवत होते. पडद्यावर काय दाखवणार ते मला ठाऊक नव्हतं, पण संवाद तयार होते. गणिताच्या गुरुजींनी एकदा ती वही धरली. त्यांनी ते पान वाचलं आणि छडी खाली ठेवून विचारलं, ‘मग तो टोपीवाला पकडला जातो काय?’

टोपीवाला आमचा खलनायक. उंच, काळा कोट, डोक्यावर टोपी. तो आला की पाचही जण गप व्हायचे आणि तो बोट रोखून त्यांना काहीतरी सुनवायचा. अशा माणसाला मी खलनायक केलं नसतं तर कोणाला केलं असतं? तो दिसला, की ओटीवर ‘आला मेला!’ असा गजर व्हायचा. आजोबांची बायको त्याच्यावर बोटं मोडायची. दुसरा एक गोरा, हसरा म्हातारा बंगल्यात फुलांना पाणी घालायचा, त्याला मी देवमाणूस केलं. बाया त्याला मनोभावे हात जोडायच्या.

शिमगा नुकताच होऊन गेला होता. पालखी दारात आली की गुरव देवाला गाऱ्हाणं घालतो आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणायचं, हे आमच्या हाडीमासी भिनलेलं. चौथ्या की पाचव्या भागात ती पाच माणसं लढाईच्या आधी गोल करून, डोकी जवळ आणून उभी राहिली आणि म्हातारा खाली बघून पुटपुटायला लागला. तो काय म्हणत होता देव जाणे. मी विचारच केला नाही. खणखणीत आवाजात सुरू केलं, ‘हे बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या देवा महाराजा...’

‘व्हय महाराजा!’ ओटी गरजली.

‘ही तुझी पाच लेकरं आज कामगिरीवर निघाली आहेत...’

‘व्हय महाराजा!’

‘त्यांच्या वाटेत जो कोणी टोपीवाला आडवा येईल, त्याला उभ्याचा आडवा कर रे महाराजा!’

‘व्हय महाराजा!’ खळ्यातले पुरुषसुद्धा उभे राहिले होते. गोठ्यातल्या म्हशी रेकल्या. पडद्यावरच्या गोऱ्या माणसांनी डोकी वर केली आणि ती धावत सुटली, जणू गाऱ्हाणं संपायचीच वाट बघत होती. त्यानंतर प्रत्येक रविवारी गाऱ्हाणं झाल्याशिवाय लढाई सुरू व्हायची नाही.

पाचवी होती ती बाई. तिचं मुद्दाम मागे ठेवलं. ती धिप्पाड होती आणि कधीच बोलायची नाही. पहिल्या रविवारी मी सांगून टाकलं, की ती मुकी आहे. दुसऱ्या रविवारी ती अंगठ्यावर हातोडी बसून किंचाळली आणि रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांच्या काचा खळाखळा फुटल्या. आता मुकी म्हणायची सोय राहिली नाही. लोक माझ्याकडे बघायला लागले. मी काही सुचायच्या आत बोलून गेले, ‘मुकी नाही ती. तिचा आवाज मोठा आहे ना, म्हणून घरच्यांनी तिला गप बसवलंय.’

आईने मला दंडाला असा चिमटा काढला, की दोन दिवस निळं दिसत होतं. काकू माजघराच्या दारात उभी होती. ती आत निघून गेली. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले, कारण मी हे तिला उद्देशून बोललेच नव्हते. जे घरात बघत होते तेच तोंडात आलं होतं.

पण पुढच्या रविवारी साडेदहा वाजायच्या आधीच काकू हातातलं काम टाकून आली आणि पोरांना सरकवून टीव्हीसमोर पहिल्या रांगेत बसली. भाग संपल्यावर तिने मला मागच्या दारी गाठलं आणि त्या तिच्या नव्या, जेमतेम आवाजात विचारलं, ‘ती बोलंल काय गो कधी?’

‘बोलेल की.’

‘कधी?’

‘शेवटच्या भागात,’ मी म्हणाले. एकदा थापा मारायच्या म्हटल्यावर हात आखडता कशाला घ्यायचा?

दर रविवारी काकू तेच विचारायची आणि दर रविवारी मी वचन द्यायचे. हळूहळू मलाही वाटायला लागलं, की ती बाई बोललीच पाहिजे, नाहीतर मी काकूला तोंड दाखवू शकणार नाही.

वैशाखात काकाचं पत्र आलं. रजा मिळाली होती, पंधरा दिवसांनी येतो म्हणाला होता. शेवटी एक ओळ होती, ‘तिच्या बोलण्यात फरक पडला असेल तर येताना घेऊन जाईन.’ पत्र वडिलांच्या नावावर होतं. वडिलांनी ते मोठ्याने वाचलं आणि काकू भाकरी थापता थापता थांबली. त्या दिवसापासून तिने सराव सुरू केला. आईला ती विहिरीजवळ उभं करायची आणि स्वतः पडवीतून काहीतरी म्हणायची.

‘ऐकू आलं काय?’ मग धावत जाऊन विचारायची.

‘नाय गो बाय.’

‘बरं झालं,’ काकू म्हणायची आणि तिचा चेहरा खुलायचा. मला हसू यायचं आणि रागही यायचा. कोणावर राग ते तेव्हा कळत नव्हतं. तिला मुंबईला जायचं होतं, नवऱ्याजवळ राहायचं होतं, एवढं मात्र मला पक्कं कळत होतं. तिने ट्रंकेतली दोन लुगडी काढून उन्हात घातली होती.

काका शनिवारी सकाळच्या गाडीने आला. पँट-शर्ट, खिशाला पेन. काकूने त्याला पाणी दिलं, चहा दिला, जेवायला वाढलं आणि सगळं बोलणं असं केलं, की शेजारी बसलेल्या मलाही अर्धंच कळलं. काका खूश झाला. ‘दादा, हिच्यात बराच फरक पडलाय,’ तो वडिलांना म्हणाला. ‘नेऊ म्हणतो या खेपेला.’ वडील म्हणाले, ‘ने की.’ काकू वाढत होती. संध्याकाळी ती माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, ‘नेनार म्हनाले!’ आणि तिने माझा हात असा दाबला, की माझी बांगडी पिचली.

मी मात्र वेगळ्याच काळजीत होते. दुसऱ्या दिवशी शेवटचा भाग होता. आणि काकाला इंग्रजी येत होतं. खरं इंग्रजी.

रविवारी सकाळी मी ताप आल्याचं सोंग घेऊन पाहिलं. आईने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, ‘ऊठ मुकाट्यानं. भायेर मान्सं खोळंबल्यात.’ बाहेर खरोखरच अख्खी वाडी लोटली होती. पलीकडच्या वाडीतलीही माणसं आली होती. गणिताचे गुरुजी सायकल मारत आले होते. आणि सगळ्यांच्या पुढे, घरातल्या एकुलत्या एका खुर्चीवर, काका बसला होता. माझी पाचावर धारण बसली.

मालिका सुरू झाली. मी दबक्या आवाजात सांगायला लागले. ‘मोठ्यानं, मोठ्यानं,’ मागून लोक ओरडले. मी आवाज चढवला. काका आधी नाकातल्या नाकात हसला. मग त्याने भुवया वर केल्या. गाऱ्हाणं झालं, ओटी दणाणली, तेव्हा तो चमकून मागे बघायला लागला. आणि मग टोपीवाला आला.

‘आला मेला!’ सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. आजोबांच्या बायकोने कडाकडा बोटं मोडली.

‘अहो, थांबा, थांबा,’ काका हसत उभा राहिला. ‘मुंबईत शेजाऱ्यांकडे दर रविवारी बघतो मी हे. हा कसला मेला? हा त्यांचा साहेब आहे! ह्यानेच त्यांना कामाला ठेवलंय. चोर तो दुसरा, तो फुलांना पाणी घालतो तो.’

टीव्ही इंग्रजीत बोलत राहिला.

‘सायेब?’ आजोबांची बायको म्हणाली. ‘मग इतके रविवार आमी शिव्या घातल्या कोनाला?’

‘ही पोरगी काहीतरीच सांगत्येय तुम्हांला,’ काका म्हणाला. तो रागाने बोलत नव्हता, त्याला गंमत वाटत होती, पण मला ते जास्त लागलं. ‘घरातून हाकललं नाही की काही नाही. आणि ती बाई? आवाज मोठा म्हणून गप नाही ती. ती दुसऱ्या ग्रहावरून आलेय. तिला इथली भाषाच येत नव्हती.’

मी काकूकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, खाली बघत होती. पन्नास-साठ माणसं मात्र माझ्याकडेच बघत होती. मी खोटारडी होते आणि ते आता सगळ्यांना कळलं होतं. पण त्या क्षणी मला एकच वाटत होतं, की काकूने खाली बघू नये. मी तोंड मिटून घेतलं. पडद्यावर चित्र चाललं होतं आणि मी काहीच सांगत नव्हते.

धक्क्यावर ती पाच माणसं उभी होती. मागे समुद्र. टोपीवाला चौघांशी बोलत होता आणि मधून मधून हाताने त्या बाईकडे दाखवत होता. तिच्याकडे बघत मात्र नव्हता. तिचं काय करायचं ते तिच्यादेखत बाकीच्यांशी ठरवत होता, हे कळायला कोणालाही इंग्रजीची गरज नव्हती. मग ती बाई दोन पावलं पुढे आली. टोपीवाल्याच्या समोर उभी राहिली. आणि तेरा रविवारांत पहिल्यांदा तिने बोलायला तोंड उघडलं. काच फुटली नाही. ती साध्या आवाजात काहीतरी बोलली.

‘बोलली!’ मागून कोणीतरी ओरडलं. ‘बोलली गो! काय बोलली?’

‘काय बोलली? काय बोलली?’ सगळी ओटी उठून उभी राहिली.

‘मी सांगतो,’ काका म्हणाला. ‘ती म्हणते...’

‘तुमी गप ऱ्हावा! पोरीला सांगू दे!’

तो आवाज काकूचा होता. दोन वर्षं आत कोंडून ठेवलेला, खाडी ओलांडून जाणारा. कौलांवरचे कावळे उडाले. दाराशी झोळीत निजलेलं पोर दचकून रडायला लागलं. गोठ्यातल्या म्हशीने तर उलट उत्तर दिलं. काका उघड्या तोंडाने तसाच उभा राहिला.

काकूने तोंडावर हात ठेवला. तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं. आईलाही कळलं, कारण आईने डोळे मिटून घेतले. ट्रंकेतली लुगडी, मुंबईची खोली, सगळं त्या एका वाक्यात गेलं होतं आणि ते तिने माझ्यासाठी घालवलं होतं. मी आता गप बसले असते तर ते फुकटच गेलं असतं.

‘ती म्हणते,’ मी म्हणाले. माझा आवाज फाटला. मी पुन्हा सुरू केलं. ‘ती म्हणते, मी इथे समोर उभी आहे. माझ्याबद्दल दुसऱ्यांशी काय बोलता? माझ्याशी बोला.’

मी काकाकडे पाहिलं. आता तो म्हणेल, हेही खोटं आहे. त्याला खरं वाक्य ठाऊक होतं. ते काय होतं ते मी त्याला तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही कधी विचारलं नाही. पण तो सावकाश खुर्चीत बसला.

‘बराबर बोलली,’ आजोबांची बायको म्हणाली. ‘सायेब असला म्हनून काय झालं?’

मालिका संपली. नावं वर सरकायला लागली, तरी कोणी उठेना. शेवटी वडिलांनी टीव्ही बंद केला. जाता जाता आजोबांनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि विचारलं, ‘तो पावसाचा तरी खरा हुता काय गो?’ मी मान खाली घालून नाही म्हटलं. ते मनापासून खट्टू झाले. गणिताचे गुरुजी नुसतं ‘हं’ म्हणाले आणि सायकलवर बसले.

दुपारी जेवणं कशीबशी झाली. काकूने वाढलं, पण कोणाच्या ताटाकडे बघितलं नाही. ती स्वयंपाकघरात भांडी घासायला बसली आणि पुरुष पडवीत सुपारी कातरत बसले. मी खांबाआड होते. बराच वेळ काका अडकित्त्याशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, ‘दादा, मग काय करू? हिला...’

आणि तिथेच थांबला. वडिलांनी मान वर केली. काकाने अडकित्ता खाली ठेवला, उठला आणि माजघर ओलांडून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. आमच्या घरात भर दुपारी नवरा असा बायकोशी बोलायला स्वयंपाकघराच्या दारात जात नसे. आईने पदर तोंडाला लावला.

‘येतेस मुंबईला?’ त्याने विचारलं.

भांड्यांचा आवाज थांबला. मग काकू बोलली, आणि ती ज्या आवाजात बोलली तो पडवीत आम्हांला, विहिरीवर बायांना आणि खालच्या वाडीतल्या माणसांनासुद्धा लख्ख ऐकू गेला.

‘इचार करून सांगते!’

मालिकेच्या तेरा भागांत मिळून जी उत्सुकता वाटली नव्हती ती पुढच्या आठवड्यात वाडीने सोसली. लोक विरजण मागायला यायचे, काडेपेटी मागायला यायचे, बसायचे, काकूकडे बघायचे आणि परत जायचे. काका दिवसातून तीनदा स्वयंपाकघराच्या दारात जायचा. ‘झाला काय विचार?’ ‘चाललाय,’ काकू म्हणायची, मोठ्याने. काका शरमून हसायचा. त्याला मी असं हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं. रत्नागिरीला जाऊन तो तिच्यासाठी चपला घेऊन आला, त्या एक अंगुळ लहान निघाल्या, त्या बदलायला पुन्हा गेला. सहाव्या दिवशी काकू त्याला सरळ म्हणाली, की खोलीत शेजारी हसले तर तुम्ही त्यांना सांगायचं, मला नाही. काका ‘बरं’ म्हणाला. मग ती ट्रंक भरायला बसली.

एस.टी. वडाखाली उभी होती. अख्खी वाडी पोचवायला आली होती. काकू खिडकीत बसली आणि गाडी सुरू झाल्यापासून तिने जी बोलायला सुरुवात केली ती थांबलीच नाही. आईला कोंबड्यांचं सांगितलं, वडिलांना छपराचं सांगितलं, मला सांगितलं, ‘शिक गो नीट इंग्रजी! पन असंच सांगत जा!’ मी रडत होते आणि हसतही होते. माझं सगळ्यांत जास्त मन लावून ऐकणारं माणूस चाललं होतं. गाडी वळणाआड गेली, तरी आवाज येत होता. कंडक्टर वैतागून मागे बघत होता, असं नंतर कोणीतरी सांगितलं. आणि काका शेजारी बसला होता, खिडकीला धरून, आणि तो कंडक्टरला म्हणाला, ‘बोलू दे हो तिला.’